कुलूप निवडताना आधी घरातल्या माणसांचे हात पाहा

पवनीत हल्ली नवीन घर बांधणारे टाइल्स आणि पीओपीच्या जोडीला स्मार्ट लॉकचीही चौकशी करतात. आमच्या दाराला ते बसलेलं पाहून बरेच जण विचारायला येतात, ‘कोणतं घ्यायचं?’ मी त्यांना आधी उलट विचारते, घरात कोण कोण राहतं आणि ते हातांनी काय काम करतात? दुकानात हा प्रश्न कुणी विचारत नाही. तिथे मोबाइलवरून दार कसं उघडतं तेवढं दाखवतात.

आमची गरज खरी होती. मी नोकरीला भंडाऱ्याला, मुलं शाळा-शिकवणीला, सासूबाई शेतात. प्रत्येकाची परतायची वेळ वेगळी, त्यामुळे किल्ली शेजारच्या काकूंकडे ठेवायची आणि काकू गावाला गेल्या की सगळ्यांची पंचाईत. बोट टेकवून उघडणारं कुलूप घेतलं आणि पहिले काही महिने सुखाचे गेले.

मग भाताचा रोवणा आला. सासूबाई आजही मजुरांबरोबर स्वतः बांधीत उतरतात. त्या संध्याकाळी भर पावसात त्या घरी आल्या. दिवसभर चिखलपाण्यात परे लावून बोटांची टोकं पांढरी पडून सुरकुतली होती. हात धुतले, पदराला पुसले, बोट टेकवलं तर लाल दिवा. दुसरं बोट, पुन्हा लाल. असं काही वेळा झालं की ही कुलपं काही मिनिटं स्वतःला बंद करून घेतात. चोराने अंदाजाने आकडे दाबत बसू नये म्हणून ती सोय असते. तेवढ्या वेळात बरोबर आकडा दाबला तरी दार उघडत नाही. सासूबाईंना पिन नीट पाठ होता, त्यांनी तो बरोबरच दाबला, पण दार हललं नाही. त्या ओल्या लुगड्यानिशी काकूंच्या ओसरीवर बसून राहिल्या आणि नंतर कितीतरी दिवस स्वतःच्याच आठवणीवर शंका घेत राहिल्या. याचं मला आजही वाईट वाटतं. कुलूप बसवताना ही काही मिनिटांची गोष्ट त्यांना कुणी सांगितलीच नव्हती.

बोटांच्या रेषांचे उंचवटे आणि खाचा यांतला फरक सेन्सर टिपतो. कातडी भिजून फुगली किंवा रेषाच झिजल्या की त्याला ओळख पटत नाही. आपल्या भंडारा जिल्ह्यात वर्षानुवर्षं विड्या वळणाऱ्या बाया आहेत, पवनीत हातमागावर आयुष्य काढलेले कोष्टी आहेत. रेशन दुकानात ‘अंगठा लागत नाही’ म्हणून परत फिरलेलं माणूस कुणी पाहिलं नाही? त्याच माणसाच्या घराला केवळ बोटावर चालणारं कुलूप बसवणं मला अन्यायाचं वाटतं.

म्हणून बोट, पिन, कार्ड आणि साधी किल्ली असे चारही मार्ग असलेलंच कुलूप घ्या. प्रत्येकाची दोन्ही हातांची बोटं नोंदवा. अनामिका आणि करंगळी सहसा कमी झिजलेली असतात. नोंदणी ऐन कामाच्या दिवसांत, कामावरून आल्यावर करा. सासूबाईंच्या कमरेच्या जुडग्यात आता कार्डाचंच काम करणारा बटणाएवढा टॅग आहे. तो टेकवला की दार उघडतं, ना बोट लागतं ना आकडा.

दाराचंही तसंच. पवनीच्या तटाच्या आतल्या जुन्या वस्तीत सागवानी, दोन फळ्यांची दारं अजून आहेत. पावसाळ्यात ती फुगतात आणि चौकटीला घासतात. मोटरने जीभ सरकवणारं कुलूप अशा दाराला लावलं तर मोटर अडकत राहते आणि सेल भराभर उतरतात. त्यापेक्षा हाताने मूठ फिरवून उघडायचं, जिथे वीज फक्त मूठ मोकळी करण्यापुरती लागते, असं कुलूप बरं. फळीत कोरून बसवायचं असेल तर जाडी आधी मोजा, सुताराला दाखवा. एक फळी वर-खाली खिट्टीने पक्की करता येत नसेल, तर आतून वरवर बसणारं कुलूप बघा. चोर शेवटी जीभ आणि चौकट उचकटतो, त्यामुळे पैसा ॲपपेक्षा त्या लोखंडावर जास्त गेला पाहिजे.

पश्चिमेकडे तोंड असलेल्या दारावर मेमध्ये दुपारभर ऊन असतं. सावलीत ४५ अंश असताना उन्हातला काळा धातू हात लावू देत नाही. अनेक कुलपांची मर्यादा ५५ किंवा ६० अंशांची असते. ती माहितीपत्रकात वाचा, आणि वर छज्जा नसेल तर आधी छज्जा करा.

वाय-फाय मला गरजेचं वाटत नाही. ते सेल खातं. शिवाय २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला आला तसा पूर आला की वीज आणि नेटवर्क आधी जातं. बोटांचे ठसे आणि पिन कुलपातच साठवलेले असले की इंटरनेटवाचून अडत नाही. एक गोष्ट मात्र डोळ्यांत तेल घालून पाहा: ॲपचा मुख्य ताबा कुणाच्या फोनवर आहे? आमच्याकडे बसवायला आलेल्या मुलाने घाईत स्वतःच्या फोनवरच नोंदणी केली होती. माझ्या फोनवर जोडणी होईना, तेव्हा ते कळलं. त्याच्या मनात वाईट नसेलही, पण आमच्या घराचं दार एका अनोळखी फोनवरून उघडत होतं. बसवणारा माणूस घरात असतानाच कुलूप मूळ स्थितीत आणून स्वतःच्या फोनवर जोडून घ्या, कारखान्यातून आलेला आकडाही तेव्हाच बदला.

सेल अल्कलाइनच घाला. पुन्हा चार्ज होणारे सेल १.२ व्होल्टचे असल्याने कुलपाला उरलेल्या चार्जचा अंदाज नीट येत नाही. सेल उतरले तर बाहेरून ९ व्होल्टची बॅटरी टेकवायची जागा किंवा यूएसबी-सीची खाच कुठे आहे, ते मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना एकदा करून दाखवा. साधी किल्ली घराबाहेर ठेवा. आमची एक माझ्या पर्समध्ये असते, दुसरी नणंदेकडे. सेल आम्ही दसऱ्याला अवजारांची पूजा करताना बदलतो आणि पुन्हा गुढीपाडव्याला, ऊन तापायच्या आत.