नजर कुठे ठेवायची

बेटा, जळगावला एम.एस्सी.ला चाललीस, तर मामाचं एवढं ऐकून जा. साक्रीच्या बाजारात गारुड्याच्या रिंगणात कोणी शिकलेला माणूस उभा राहिला की गारुडी खूश होतो. शिकलेल्याला वाटतं, आपल्याला कोण फसवणार? शिवाय त्याचा सगळा व्यवहार खोटं न बोलणाऱ्या वस्तूंशी. सोडियम कधी लबाडी करत नाही. माणूस करतो.

अंनिसवाले शाळेत दाखवतात तो नारळ आठव. शेंडीत सोडियमचा खडा, वरून ‘तीर्थ’ शिंपडलं की पेटला! सोडियमला पाणी लागलं की काय होतं, हे मास्तरांना पाठ असतं. पण तेही मंत्र पुटपुटणाऱ्या तोंडाकडेच बघत बसतात.

पहिला प्रश्न हाच विचार: भांडं कोणाचं, काठी कोणाची? १९९६ मध्ये तामिळनाडूच्या रामर पिल्लैने पाल्यापासून पेट्रोल करून दाखवलं. गरम पाणी, त्यात पाला, काठीने ढवळायचं, वर इंधन तरंगायचं. दिल्लीतले शास्त्रज्ञसुद्धा भारावले. सगळ्यांची नजर पाल्यावर, आणि लबाडी काठीत. काठी आतून पोकळ, इंधन भरलेली, टोकाला मेणाचं बूच. गरम पाण्यात मेण वितळलं की काम फत्ते. २०१६ मध्ये न्यायालयाने त्याला तीन वर्षांची शिक्षा सुनावली. वीस वर्षांनी!

‘आता बघा’ असं कोणी म्हटलं, की समज, करायचं ते करून झालंय. त्याच्या आधीचं बघ. आणि जे बघशील ते तिथल्या तिथे वहीत लिही. रात्री आठवून लिहिलेल्यात चमत्कार वाढलेला असतो.

एक अमेरिकेतली गंमत सांगतो. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात पाच लाख डॉलरच्या देणगीतून अतींद्रिय शक्तींची प्रयोगशाळा निघाली. प्रमुख पीटर फिलिप्स, भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. जेम्स रँडी या जादूगाराने १९७९ मध्ये तिथे दोन पोरं घुसवली, स्टीव्ह शॉ आणि मायकेल एडवर्ड्स. चमचे ओळखू यावेत म्हणून त्यांना दोऱ्याने चिठ्ठ्या बांधलेल्या असायच्या. पोरं गुपचूप चिठ्ठ्यांची अदलाबदल करायची, की चमचा ‘मनाने’ वाकला! काय काळजी घ्यायची, हे रँडीने प्रयोगशाळेला आधीच कळवलं होतं. कोणी मनावर घेतलं नाही. त्याने पोरांना बजावलं होतं, ‘फसवता का?’ असं कोणी सरळ विचारलं, तर हो म्हणा आणि माझं नाव सांगा. कोणी विचारलंच नाही. १९८३ मध्ये रँडीनेच भांडं फोडलं.

म्हणून लाजू नकोस. समोरच्याला तोंडावर विचार. पुन्हा करायला लाव, पण या वेळी काठी तुझी.

आणि असं काही तपासायची वेळ आलीच, तर दहा प्राध्यापकांच्या जोडीला हातचलाखी येणारा एक माणूस बसव. त्याच्या चहापाण्याचे पैसे मी पाठवीन.