भयपक्षी आणि उतावळा न्याय

घारीची झेप व घुबडाची नजर आपणांस परिचित आहे. परंतु ज्यास उडतां येत नाहीं, तरी जो धांवत जाऊन सावज पकडितो, असा माणसाहून उंच पक्षी आपण कल्पिला आहे काय? दक्षिण अमेरिकेंत असे पक्षी कोट्यवधि वर्षें नांदत होते. शास्त्रज्ञ त्यांस ‘भयपक्षी’ म्हणतात.

पाटागोनियांत सांपडलेल्या एका जबड्यास आमेगिनो नामक विद्वानानें इ. स. 1887 मध्यें नांव दिलें. तो दांत नसलेल्या एखाद्या सस्तन प्राण्याचा असावा, असें त्यास प्रथम वाटलें. पुढें तो जबडा पक्ष्याचा ठरला! त्याच देशांतील कोमायो गांवाजवळ एका शाळकरी मुलास सुमारें 71 सेंटिमीटर लांबीची कवटी सांपडली. 2007 सालीं त्या पक्ष्याचें ‘केलेंकेन’ असें नामकरण झालें.

हे पक्षी शिकार कशी करीत? 2010 सालीं त्यांच्यापैकीं एका मध्यम आकाराच्या जातीच्या कवटीचें परीक्षण झालें. ती वरून खालीं होणारा आघात सोशी; बाजूचा हिसका मात्र तिला सोसत नसे. म्हणून तो पक्षी सावजाशीं झोंबत न बसतां चोंचीचा घाव कुऱ्हाडीप्रमाणें घालून मागें सरत असावा, असें अनुमान निघालें.

आतां दुसरा पक्षी पाहा. युरोपांतील ‘गॅस्टॉर्निस’ हाही प्रचंड व पंखहीनप्राय. त्याचें मोठें डोकें पाहून तो लहान घोड्यांस मारून खात असे, असा आरोप त्याजवर दीर्घकाळ होता. परंतु त्याची चोंच शिकारी पक्ष्यासारखी बांकदार नव्हती. आणि हाडांतील कॅल्शियमच्या परीक्षणावरून तो झाडपाला व फळें खाणारा असावा, असें दिसून आलें. बिचारा निरपराधी!

“असे पक्षी आमच्या गडमुडशिंगीस होते काय?” असें कोणी विचारील. आपल्या पायांखालचा काळा दगड म्हणजे सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वींचा थिजलेला लाव्हारस. अशा तप्त रसांत हाडें कशीं टिकावीं? भयपक्ष्यांची खूण आपल्या प्रांतीं मिळालेली नाहीं. मात्र जळगांव जिल्ह्यांत पाटणें येथें उत्खनन करितां शहामृगाच्या अंड्याचीं कवचें निघालीं. त्यांचे मणी केलेले असून एका तुकड्यावर रेघा कोरिल्या आहेत. तीं सुमारें 25,000 वर्षांपूर्वींचीं आहेत. म्हणजे शहामृग, जो आज केवळ आफ्रिकेंत रानटी स्थितींत आढळतो, तो एके काळीं आपल्या देशींही हिंडत होता. हैदराबादेच्या शास्त्रज्ञांनीं राजस्थान व मध्यप्रदेश येथील तशाच कवचांतील आनुवंशिक द्रव्य तपासून 2017 सालीं या गोष्टीस पुष्टि दिली.

तात्पर्य, नखाएवढा तुकडाही तुच्छ मानूं नये. आणि एका तुकड्यावरून निकालही देऊं नये. पक्ष्यास अन्यायानें मारेकरी ठरविलें, तर पुढें ग्रंथ सुधारतां येतो. परंतु वर्गांतील सोबत्यास केवळ त्याच्या रूपावरून अथवा ऐकीव गोष्टीवरून दोषी ठरविलें, तर त्याचें मन सुधारणें कठीण. प्रभूनें आपणांस डोळे दिले आहेत, ते आधीं पाहण्यासाठीं, न्याय त्यानंतर.