शून्य कोणी खाल्ले?

आमच्या शाळेत एक संगणक आहे. त्यावर गुरुजी आम्हाला पायथन नावाची भाषा शिकवतात. नाव ऐकून मला तर अजगरच आठवला! पण या नावाचा सापाशी काही संबंध नाही. नेदरलँड्स देशातील गिडो व्हान रॉसम यांनी ही भाषा तयार केली आणि १९९१ साली ती सर्वांसाठी खुली केली. त्यांना इंग्लंडमधला एक विनोदी कार्यक्रम फार आवडायचा. त्याच्या नावावरून त्यांनी हे नाव ठेवले.

ही भाषा फुकट मिळते. आई जशी दुकानाची यादी लिहून देते, तशी संगणकाला एकाखाली एक कामे लिहून द्यायची. ती तो लगेच करून दाखवतो. जगभरचे लोक मिळून ही भाषा सुधारत असतात.

अशा भाषा वापरणारे लोक एकमेकांना कोडीही घालतात. पर्ल नावाची अशीच एक भाषा आहे. ती लॅरी वॉल यांनी १९८७ साली केली. ती वापरणाऱ्या मंडळींत मार्च २०१९ पासून दर आठवड्याला कोडी देतात. कोणीही सोडवावे आणि आपली रीत सगळ्यांना दाखवावी. एकाचे पाहून दुसरा शिकतो.

हे ऐकून आम्ही म्हणालो, "गुरुजी, आपण पण करू या की!" तेव्हापासून दर शनिवारी फळ्यावर एक कोडे असते. चौथी ते सातवीची मुले गट करून ते सोडवतात.

मागच्या महिन्यात गुरुजींनी कापरेकरांचे कोडे दिले. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे आपल्या नाशिकजवळच्या देवळालीला शाळेत शिक्षक होते. त्यांचा जन्म १९०५ साली डहाणूला झाला. त्यांना आकड्यांचा भारी नाद. १९४९ साली त्यांना एक गंमत सापडली. ती अशी :

कोणतीही चार अंकी संख्या घ्या. चारही अंक सारखे नकोत. त्या अंकांची मोठ्यात मोठी संख्या करा आणि लहानात लहान संख्या करा. मोठीतून लहान वजा करा. आलेल्या उत्तराचे पुन्हा तसेच करा. जास्तीत जास्त सात वेळा केले की ६१७४ येतेच!

उदाहरणार्थ ३५२४ घेऊ.
५४३२ − २३४५ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

पुढे कितीही वेळा करा, ६१७४ च येते. कारण ७६४१ − १४६७ = ६१७४.

कोडे असे होते, की १००० पासून ९९९९ पर्यंतच्या सगळ्या ९००० संख्या संगणकाकडून तपासून घ्यायच्या. सातवीतल्या एका दादाने यादी लिहिली. अंक लावून घे, उलटे कर, वजा कर, पुन्हा कर. आम्ही सगळे डोळे लावून बसलो. डोळ्याची पापणी लवते न लवते तोच उत्तर आले!

पण ७७ संख्यांपुढे शून्य आले होते. ११११, २२२२ अशा सारख्या अंकांच्या तर नऊच असतात. मग उरलेल्या ६८ कुठून आल्या? त्यांत २१११ होती. माझ्या पाटीवर मी तीच संख्या केलेली होती आणि माझे उत्तर ६१७४ आले होते.

दादा म्हणाला, "तुझं चुकलं. संगणक कधी चुकत नसतो. नाहीतर कापरेकरच चुकले असतील." सगळी पोरं हसली. मला रडूच आले. मी पाटी पुसायला फडकं घेतले. इतक्यात गुरुजी म्हणाले, "थांब बाळ, पुसू नको. फळ्यावर सगळ्यांना करून दाखव."

माझे हात थरथरत होते. पण मी लिहिले :

२१११ − १११२ = ०९९९
९९९० − ०९९९ = ८९९१
९९८१ − १८९९ = ८०८२
८८२० − ०२८८ = ८५३२
८५३२ − २३५८ = ६१७४

पहिल्याच ओळीला माझी मैत्रीण ओरडली, "अगं, तू पुढचं शून्य ठेवलंस! त्यानं ते खाल्लं!"

खरेच होते. संगणकाने ०९९९ चे नुसते ९९९ केले होते. मग ९९९ वजा ९९९ म्हणजे शून्यच उरणार. त्या ६८ संख्यांची पहिली वजाबाकी ९९९ च येते. चार अंक पुरे नसतील तर पुढे शून्य लाव, हे आम्ही संगणकाला सांगितलेच नव्हते. न सांगितलेले त्याला कसे कळणार? पायथनमध्ये त्यासाठी झेडफिल नावाचा हुकूम आहे. दादाने तो एक शब्द घातला. पुन्हा चालवले तर शून्याच्या फक्त नऊ संख्या राहिल्या. बाकी सगळ्या ८९९१ संख्या ६१७४ वर आल्या!

दादा माझ्याजवळ येऊन म्हणाला, "तुझी पाटी बरोबर होती." मला फार आनंद झाला. त्याने आपली यादी वहीत लिहून घ्यायला मला दिली.

यावरून मी दोन गोष्टी शिकले. संगणक भराभर काम करतो, पण आपण सांगू तेवढेच करतो. आणि आपले उत्तर दुसऱ्याशी जुळले नाही, तर लगेच पुसू नये. एकेक पायरी पुन्हा ताडून पाहावी.

आता तुमच्यासाठी कोडे. तीन अंकी संख्येचे असेच करा. तिथेही शेवटी एकच संख्या येते. ती कोणती? संगणक नसला तरी चालेल, पाटीवर करा. उत्तर पुढच्या भित्तिपत्रकात देईन. पण बरं का, पुढचे शून्य विसरू नका!

— एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी