आणणे की नेणे? फ्रेंचमधली चार सारखी क्रियापदं

प्रश्न : मी घरीच फ्रेंच शिकते आहे. ‘आपोर्ते’, ‘आँपोर्ते’, ‘आम्ने’ आणि ‘आँम्ने’ या क्रियापदांत दरवेळी गोंधळ होतो. ती लक्षात कशी ठेवावीत?
— एक वाचक, तुमसर, जि. भंडारा

उत्तर : चारही शब्द सुटे पाठ करू नका, त्यांचे दोन-दोन तुकडे करा. सुरुवातीचा ‘आ’ म्हणजे इकडे आणणे; नाकातला ‘आँ’ म्हणजे इथून नेणे. पुढचा ‘पोर्ते’ म्हणजे उचलून वाहणे, म्हणून तो वस्तूंसाठी. ‘म्ने’ म्हणजे सोबत घेऊन जाणे, म्हणून तो माणसांसाठी आणि जनावरांसाठी.

तांदळाचं पोतं नागपूरला न्यायचं, तर ‘आँपोर्ते’. आजीला तिथल्या दवाखान्यात न्यायचं, तर ‘आँम्ने’. पाहुण्यांनी पेढे आणले, तर ‘आपोर्ते’; मुलांना आणलं, तर ‘आम्ने’. मराठीत वस्तू आणि माणूस दोन्हींना एकच क्रियापद चालतं, म्हणून आपली गल्लत होते.

रोजच्या बोलण्यात फ्रेंच लोक वस्तूंसाठीही ‘आम्ने’ वापरतात. परीक्षेत मात्र हा भेद पाळा. ‘आँपोर्ते’मधला ‘आँ’ म्हणताना ‘म’ उमटू देऊ नका. प्रत्येक क्रियापदाचं घरातलं एक वाक्य रोज मोठ्यानं म्हणा.