जोड कार्बोरेटर आणि व्हॅक्यूमची नळी

जुन्या पेट्रोल इंजिनावर एकाऐवजी दोन कार्बोरेटर बसवले की बहुधा एक बारीक नळी उरते. डिस्ट्रिब्युटरच्या कडेला असलेल्या चपट्या डबीपासून ती कार्बोरेटरला जाते. नव्या कार्बोरेटरला तिच्यासाठी तोंड नसले, की तिच्यात स्क्रू घालून ती बंद केली जाते. पुढची दुखणी तिथूनच सुरू होतात.

ठिणगी किती आधी पडावी, हे तीन ठिकाणी ठरते. मूळ टायमिंग हाताने लावलेले असते. इंजिनाचा वेग वाढला की डिस्ट्रिब्युटरमधली वजने फाकतात आणि ठिणगी आधी पाडतात. तिसरे काम डबीतल्या डायाफ्रामचे. थ्रॉटल थोडेच उघडे असताना सिलिंडरमध्ये मिश्रण कमी भरते आणि सावकाश जळते. म्हणून ठिणगी आणखी आधी लागते; नळीतून येणारा व्हॅक्यूम डायाफ्राम ओढून ती आधी पाडतो. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की व्हॅक्यूम जवळजवळ शून्यावर येतो आणि डबी गप्प बसते. म्हणजे नळी बंद केल्याने ताकद कणभरही वाढत नाही. ‘रेसच्या गाडीला कुठे असते ही नळी?’ असे गॅरेजमध्ये हमखास ऐकू येते; पण रेसमध्ये पाव थ्रॉटलवर गाडी चालवतो कोण?

परभणीहून मानवत, पाथरीकडे जाताना मात्र गाडी बराच वेळ पाव थ्रॉटलवरच असते. डबी बंद असेल तर तिथे मिश्रण उशिरा जळते, उष्णता सायलेन्सरवाटे वाया जाते, इंजिन तापते आणि ॲव्हरेज घसरते. मनमाडच्या डेपोतून लांबवर वाहून येणारे परभणीचे पेट्रोल राज्यातल्या सर्वांत महाग पेट्रोलमध्ये वारंवार मोजले गेले आहे, त्यामुळे ही घसरण खिशाला लगेच कळते. मग मिस्त्री मूळ टायमिंगच पुढे सरकवतो. सपाटीवर गाडी सुधारल्यासारखी वाटते. मे महिन्याच्या उन्हात, माणसांनी भरलेली गाडी टॉप गिअरमध्ये चढाला लागली की इंजिन ठोकू लागते. तसेच दामटले तर पिस्टन आणि रिंगा जातात.

जोड कार्बोरेटर आणि व्हॅक्यूम यांचे वाकडे मुळीच नाही. ॲम्बेसेडरला मिळालेले 1489 सीसीचे बीएमसी इंजिन 1955 च्या एमजीए या स्पोर्ट्स गाडीत दोन एसयू कार्बोरेटरांसह येत असे, आणि तिच्या डिस्ट्रिब्युटरला ही डबी होतीच.

प्रश्न असतो नळी जोडायची कुठे, हा. बंद थ्रॉटलच्या कडेलगत, हवेच्या बाजूला बारीक छिद्र असलेला कार्बोरेटर मिळाला तर उत्तम: आयडलला ओढ नाही, थ्रॉटल जरा उघडताच ओढ सुरू. दोनपैकी एकावरून नळी घेतली तरी पुरते, पण आधी दोन्ही थ्रॉटल एकाच वेळी उघडतील असे जुळवावे लागतात. ते मागेपुढे असतील तर ठिणगीही चुकीच्या वेळी सरकते. छिद्र नसेल तर मॅनिफोल्डवरून नळी घेता येते. तिथे आयडललाच भरपूर ओढ मिळून आयडल चढते, ते पुन्हा खाली लावावे लागते. एकाच पोर्टवरून घेतलेल्या नळीत झटके येतात आणि टायमिंग लाइटखाली खूण थरथरताना दिसते. दोन्ही बाजू जोडणाऱ्या बॅलन्स पाइपवरून घेतली तर हे बरेच कमी होते.

डबी दुसऱ्या गाडीची असेल तर तिच्यावरचे आकडे वाचावेत. लुकासच्या डबीवर 5-17-10 असे कोरलेले असेल, तर पाच इंच पाऱ्याच्या व्हॅक्यूमला ती हलू लागते, सतराला पूर्ण ओढते आणि डिस्ट्रिब्युटरमध्ये दहा अंश देते. क्रँकवर ते वीस भरतात. नळीला तोंड लावून ओढले की पॉइंटची प्लेट सरकली पाहिजे आणि जिभेने तोंड बंद ठेवल्यास तिथेच थांबली पाहिजे. सरकून परत आली तर डायाफ्राम फाटलेला आहे.

मूळ टायमिंग नेहमी नळी काढून, तिचे कार्बोरेटरकडचे तोंड बंद करून लावावे आणि मगच नळी जोडावी. डबी कायमची बंदच ठेवायची असेल, तर दोन कार्बोरेटरांच्या खर्चात पडण्यापेक्षा जुना एकच नीट लावून घेतलेला बरा.