रंग सोडविणारी द्रावणे : विक्रेत्याचे कर्तव्य

जुना रंग सोडविणाऱ्या अनेक द्रावणांत मिथिलीन क्लोराइड असते. १९७३ साली स्थापन झालेल्या गुजरात अल्कलीज कंपनीच्या बडोदे येथील कारखान्यात ते तयार होते. हे द्रव्य रंगाच्या थरात शिरून त्यास फुगविते व थर सुटतो. परंतु ते सुमारे ४० अंश सेल्सिअसला उकळते, आणि बडोद्याचा उन्हाळा त्याहूनही तापतो. हवेहून जड अशी त्याची वाफ बंद खोलीत तळाशी साचते, गुंगी आणते व शरीरात कार्बन मोनॉक्साइड उत्पन्न करून प्राणही घेऊ शकते. अमेरिकेने २०१९ साली घरगुती वापरासाठी अशा द्रावणांची विक्री बंद केली. म्हणून व्यापारी बंधूंनी डबे थंड जागी ठेवावे आणि प्रत्येक गिऱ्हाइकास सांगावे : काम मोकळ्या हवेत करा, तोंडावरील रुमाल ही वाफ अडवीत नाही.