कृपेचे बिल येत नाही



आपल्या चाकूर-लातूर भागात 'देवाच्या कृपेने' हे शब्द दिवसातून कितीदा कानी पडतात! सोयाबीन बरे पिकले, मुलगी बारावीला चांगल्या गुणांनी पास झाली, मोटारसायकल घसरली पण हातपाय शाबूत राहिले, सगळे देवाच्या कृपेने. असे म्हणण्यात गैर काहीच नाही. पण मग ज्याचे पीक पाण्यात गेले, ज्याची मुलगी नापास झाली, त्याच्यावर कृपा झाली नाही काय? भाविक हा प्रश्न धर्मगुरूंना सहसा विचारत नाहीत, मनातच ठेवतात. म्हणून आम्ही तो येथे घेत आहोत.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्या जिल्ह्यातील थोरामोठ्यांना आठवत असेल. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झाले होते. चारला काही मिनिटे असताना किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि दगडमातीच्या जाड भिंतींची, माळवदाची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. हजारो जीव गेले. त्या सकाळी 'देवाच्या कृपेने आम्ही वाचलो' असे म्हणणारा माणूस, शेजारच्या ढिगाऱ्यापाशी बसलेल्या बापाला नकळत काय सांगत होता?

प्रभू येशूसमोर हाच प्रश्न आला होता. लूकच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेल्याचा उल्लेख आहे. मेलेले इतरांपेक्षा अधिक पापी होते, हा हिशोब प्रभूने साफ नाकारला आणि ऐकणाऱ्यांनाच पश्चात्तापाची हाक दिली. तेव्हा मेलेल्यांवर देवाचा कोप आणि वाचलेल्यांवर कृपा, अशी वाटणी ख्रिस्ती माणसाने करू नये. जीव वाचल्याबद्दल आभार जरूर मानावेत, पण शेजाऱ्याच्या दुःखाकडे पाहून मानावेत.

मग कृपा म्हणजे काय? ख्रिस्तसभेची शिकवण अशी की, देव आपल्याला स्वतःच्या जीवनात सहभागी करून घेतो, आपली लायकी नसताना, केवळ प्रेमापोटी. बाप्तिस्म्यात हे जीवन आपल्याला मिळते. संत पौलाने आपल्या देहातला काटा निघावा म्हणून तीनदा प्रार्थना केली. काटा निघाला नाही, पण कृपा पुरेशी आहे असे त्याला उत्तर मिळाले (२ करिंथ १२). म्हणजे काटा आणि कृपा एकाच माणसात, एकाच वेळी राहू शकतात. कर्जात बुडालेल्या, घरात आजारी माणूस असलेल्या आपल्या कुटुंबांनी हे वचन पुन्हा पुन्हा वाचावे.

दुसरी अडचण नवसाची. नऊ दिवसांची नोव्हेना केली, मेणबत्त्या लावल्या, आता देवाने काम करायलाच हवे! भक्ती चांगलीच; तिचा सौदा झाला की बिघडते. पाचव्या शतकात पेलागियस नावाच्या तपस्व्याने, माणूस आपल्या इच्छाशक्तीच्या बळावर चांगला होऊ शकतो, असे शिकवले. संत ऑगस्टीनने त्याला कडाडून विरोध केला. पुढे इ.स. ५२९ मध्ये ऑरेंज येथील धर्मसभेने स्पष्ट केले की, विश्वासाची पहिली ओढसुद्धा कृपेनेच निर्माण होते. आपण प्रार्थनेला बसतो, ते देवाने आधीच हाक दिलेली असते म्हणून. (पेलागियसचे नाव आम्ही सेमिनरीत घोकले, त्याचे अनुयायी मात्र प्रत्येक धर्मग्रामात भेटतात, पुष्कळदा आरशातही.)

फुकट मिळालेल्याची किंमत राहत नाही, असे आपण म्हणतो. २०१६ चा उन्हाळा आठवा. मांजरा धरण कोरडे पडले होते. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली: १० वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर पाणी. पुढे ५० वाघिणींच्या गाड्या येऊ लागल्या. त्या पाण्याचे बिलही निघाले. रेल्वेने मे महिन्यात जिल्हा प्रशासनाला सुमारे ४ कोटींचा आकडा कळवला. प्रशासनानेच तो मागितला होता, असे रेल्वेचे म्हणणे होते. त्यात नवल नाही. माणसांच्या व्यवहारात कोणीतरी खर्च सोसतोच. कृपेचाही खर्च झाला आहे, तो क्रुसावर. फरक एवढाच की त्याचे बिल आपल्या दारी येत नाही.

त्या उन्हाळ्यात लोक तांब्याभर पाणीही जपून वापरत. त्याच पावसाळ्याच्या अखेरीस धरण भरले आणि नळ पुन्हा उघडे वाहू लागले. कृपेच्या बाबतीतही आपले असेच होते. संकटात देऊळ भरते, सुगी झाली की मिस्साबलिदानाला वेळ मिळत नाही.

'युखारिस्त' या ग्रीक शब्दाचा अर्थच आभारप्रदर्शन, आणि त्याच्या पोटात 'खारिस' म्हणजे कृपा हा शब्द दडलेला आहे. म्हणून कृपेची जाणीव ठेवण्याची पहिली जागा म्हणजे रविवारचे मिस्साबलिदान. दुसरी जागा आपले घर. या आठवड्यात रात्री रोझरीनंतर घरातील प्रत्येकाने, लहान मुलांनीसुद्धा, त्या दिवशी न मागता मिळालेली एक गोष्ट मोठ्याने सांगावी. ज्याला काही सुचणार नाही त्याला घाई करू नका. ज्याचा दिवस वाईट गेला असेल त्याने तेही सांगावे. इतरांनी उपदेश न करता ऐकून घ्यावे आणि त्याच्यासाठी एक नमो मरिया म्हणावी.